होतोवेलींचा धर्म, होतोवेलींचा पक्ष

डिसेंबर २०२३ मध्ये स्काय न्यूजवर इस्रायलच्या लंडनमधल्या राजदूत त्सिपी होतोवेली यांना पॅलेस्टिनी राष्ट्राबद्दल थेट प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी तितक्याच थेटपणे त्याला साफ नकार दिला. त्या मुलाखतीचा तुकडा जगभर फिरला, आपल्याकडच्या मोबाइलवरही आला. त्यावरची चर्चा मात्र दोन ठरलेल्या वाटांनी गेली. एकीकडे ‘धर्मवेड्या बाईकडून दुसरं काय ऐकायला मिळणार’ हा सूर, तर दुसरीकडे धर्म न सोडता वकील झालेल्या, मंत्रिपदापर्यंत पोचलेल्या ‘रणरागिणी’चं कौतुक. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत आहे, की होतोवेली समजून घ्यायच्या तर त्यांच्या धार्मिकतेतूनच. हे गृहीतच मला चुकीचं वाटतं. होतोवेलींना वर नेलं ते लिकुड या उजव्या पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीने, दूरचित्रवाणीने आणि बिन्यामिन नेतान्याहूंच्या पसंतीने. त्यामुळे त्यांच्या मतांचा जाब विचारायचा तो त्यांच्या पक्षाला आणि राजकारणाला. धर्माचा प्रश्न काढायचाच असेल तर तो योग्य ठिकाणी काढावा. इस्रायलच्या कायद्यात ज्यू स्त्री आजही पुरुषाच्या बरोबरीने उभी नाही अशी एक ठळक जागा आहे, रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं, न्यायालय. धार्मिक स्त्री वकिलांच्या राजकारणाचा हात तिथवर कधी पोचतो, आणि पोचत नसेल तर का, हा खरा वादाचा विषय आहे.

आधी कारकीर्द नीट पाहू. होतोवेली १९७८ मध्ये रेहोवोत इथे जन्मल्या. आईवडील सोव्हिएत जॉर्जियातून आलेले. घर धार्मिक राष्ट्रवादी परंपरेतलं. इस्रायलमध्ये धार्मिक मुलीला तसं जाहीर करून लष्करी सेवेतून सूट घेता येते आणि त्याऐवजी ‘राष्ट्रीय सेवा’ करता येते. त्यांनी तीच वाट धरली आणि त्यातला काही काळ अमेरिकेतल्या अटलांटामध्ये ज्यू समाजात काम केलं. पुढे बार-इलान विद्यापीठात कायद्याचं शिक्षण, वकिली, तेल अवीव विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास. पण देशाने त्यांना ओळखलं ते चॅनेल १० वरच्या राजकीय चर्चेत, ज्येष्ठ आणि बहुतेक डाव्या पत्रकारांसमोर न डगमगता बोलणारी उजवी तरुणी म्हणून. २००८ च्या अखेरीस नेतान्याहूंनी त्यांना लिकुडमध्ये आणलं. पक्षाच्या अंतर्गत मतदानात त्यांना यादीवर अठरावी जागा मिळाली, फेब्रुवारी २००९ मध्ये लिकुडचे २७ उमेदवार निवडून आले आणि तिशीतल्या होतोवेली त्या क्नेसेटमधल्या, म्हणजे इस्रायली संसदेतल्या, सर्वांत तरुण सदस्य ठरल्या.

यात यादीवरची जागा ही सगळ्यात महत्त्वाची बाब आहे. इस्रायलमध्ये मतदारसंघ नाहीत. सगळा देश एकच मतदारसंघ, मत पक्षाला, आणि १२० जागांपैकी ज्या पक्षाला जितक्या मिळतील तितकी नावं त्याच्या यादीवर वरून खाली उचलायची. त्यामुळे खरी निवडणूक होते ती यादी तयार होताना. काही पक्षांत यादी एकटा नेता ठरवतो, काहींत रब्बींचं मंडळ ठरवतं. लिकुडमध्ये अनेकदा वर्गणी भरणारे हजारो सदस्य मतदान करतात, आणि प्रादेशिक विभाग, स्त्रिया, नवे उमेदवार यांच्यासाठी काही जागा राखलेल्या असतात. हे मतदान किती अटीतटीचं असतं ते २०१५ च्या निवडणुकीआधी दिसलं. होतोवेली आणि शिन बेत या गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख आवी दिख्तर यांच्यातला फरक इतका थोडका होता की फेरमोजणी करावी लागली. अशा व्यवस्थेत टिकायचं तर कोणाला खूश ठेवावं लागतं? पक्षाच्या त्या वर्गणीदार सदस्यांना. त्यांतले पुष्कळ जण किप्पा ही धार्मिक टोपी घालत नाहीत, धर्माने विश्रांतीचा ठरवलेल्या शनिवारी गाडी चालवतात, पण इस्रायलने व्यापलेल्या पॅलेस्टिनी भागाच्या, वेस्ट बँकच्या, प्रश्नावर तडजोड खपवून घेत नाहीत. होतोवेलींच्या भाषणांचा रोख कुठून येतो याचं अर्धंअधिक उत्तर इथेच आहे.

मग धार्मिक पक्षांनी अशी बाई का घडवली नाही? यामागे शंभर वर्षांचा वाद आहे. ब्रिटिश पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्या पहिल्या निवडून दिलेल्या सभेची निवडणूक १९२० मध्ये ठरली, तेव्हा स्त्रियांना मत असावं की नसावं यावर समाज दुभंगला. पुढे मुख्य रब्बी झालेले अव्राहाम कूक विरोधात उभे राहिले. जेरुसलेमच्या कर्मठ गटांनी पुरुषांसाठी वेगळी मतदान केंद्रं मागून घेतली आणि त्यांच्या स्त्रिया मत देत नाहीत म्हणून त्यांच्या प्रत्येक पुरुषाचं मत दोन धरलं गेलं. शास्त्राधार होता बाराव्या शतकातल्या मायमोनिडिस या ज्यू धर्मशास्त्रकाराचा. त्याच्या मते राजपदावर स्त्रीची नेमणूक करू नये आणि इस्राएलातल्या इतर अधिकारपदांवरही फक्त पुरुष नेमावेत. त्याच शास्त्रातून रब्बी बेन-झिऑन उझिएल यांनी उलटा निष्कर्ष काढला. हे उझिएल पुढे सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या परंपरेतल्या ज्यूंचे, मुख्य रब्बी झाले. त्यांचा युक्तिवाद असा: बंदी आहे ती वरून लादलेल्या नेमणुकीला. लोक जेव्हा स्वतःच्या मताने एखाद्या व्यक्तीला आपला प्रतिनिधी मानतात तेव्हा ती नेमणूक राहत नाही, तो स्वीकार होतो, आणि लोकांना कोणाचाही स्वीकार करता येतो. बायबलमधल्या दबोरा या स्त्रीने इस्राएलाचा न्याय केलाच होता. म्हणजे ‘धर्म स्त्रीला राजकारणात येऊ देत नाही’ हे विधान १९२० मध्येही पूर्ण खरं नव्हतं. दोन मोठ्या रब्बींची दोन मतं होती आणि पक्षांनी आपल्या सोयीचं मत उचललं.

ही सोय पुढे वारंवार दिसते. १९५५ मध्ये गोल्डा मेयर तेल अवीवच्या महापौरपदासाठी उभ्या राहिल्या आणि नगरपरिषदेतल्या धार्मिक सदस्यांनी बाई म्हणून त्यांना मत दिलं नाही. त्या हरल्या. १९६९ मध्ये त्याच गोल्डा पंतप्रधान झाल्या आणि राष्ट्रीय धार्मिक पक्ष त्यांच्या मंत्रिमंडळात बसला. चौदा वर्षांत शास्त्र बदललं होतं का? याच पक्षाच्या तोवा सनहेद्राय १९५९ पासून १९७४ पर्यंत क्नेसेटमध्ये होत्या, उपसभापतीही झाल्या. धार्मिक राष्ट्रवाद्यांचा दरवाजा किलकिला तरी होता. हारेदी, म्हणजे अतिकर्मठ, पक्षांचा तोही नाही. अगुदात इस्राएलच्या घटनेत सदस्यत्व फक्त पुरुषांना होतं. एका स्त्री वकिलाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१८ मध्ये पक्षाला ते कलम काढायला तयार व्हावं लागलं. कागदावरचं कलम गेलं, यादी मात्र तशीच राहिली. शास या हारेदी पक्षाचे सर्वेसर्वा रब्बी ओवाद्या योसेफ यांची कन्या अदिना बार-शालोम यांनी हारेदी समाजासाठी जेरुसलेममध्ये महाविद्यालय उभं केलं, २०१४ मध्ये इस्रायल पुरस्कार मिळवला, पण वडिलांच्या पक्षाच्या यादीवर त्यांना जागा नव्हती. २०२२ च्या निवडणुकीत शासचे ११ आणि युनायटेड तोरा ज्यूडाइझम या दुसऱ्या हारेदी पक्षाचे ७ असे १८ सदस्य आले. एकही स्त्री नाही.

या पार्श्वभूमीवर होतोवेलींच्या टीकाकारांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. ते म्हणतात, पक्षाचं सगळं खरं, पण धर्म बाजूला कसा काढणार? मे २०१५ मध्ये परराष्ट्र उपमंत्री झाल्याबरोबर परराष्ट्र खात्यातल्या मुत्सद्द्यांसमोर त्यांनी ‘राशी’ या ज्यू धर्मपंडिताचा दाखला दिला. अकराव्या शतकातल्या या भाष्यकाराने तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या, पहिल्याच वाक्यावर एक प्रश्न नोंदवला आहे: हा धर्मनियमांचा ग्रंथ असेल तर तो पहिल्या आज्ञेपासून सुरू व्हायला हवा होता, जगाच्या उत्पत्तीपासून का सुरू होतो? त्याचं उत्तर असं, की उद्या राष्ट्रं इस्राएलाला ‘तुम्ही लुटारू, तुम्ही ही भूमी बळकावलीत’ म्हणाली, तर सांगता यावं की पृथ्वी ईश्वराची, त्याने ती निर्माण केली आणि त्याला योग्य वाटलं त्याला दिली. होतोवेलींनी याच आधारावर सांगितलं की ही सगळी भूमी आपली आहे आणि त्याबद्दल आपण माफी मागायला आलेलो नाही. नकाशे आणि ठराव यांच्या भाषेत बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना मंत्र्याने धर्मग्रंथाचं भाष्य वाचून दाखवावं, ही साधी गोष्ट नाही. टीकाकारांचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. समोरच्याला तो धर्म मान्य नसेल तर त्याच्याशी वाद करायला काहीच उरत नाही, आणि मुत्सद्देगिरीचं कामच मुळी तुमचा धर्म न मानणाऱ्यांशी बोलण्याचं आहे. वकिलाला तर हे अधिकच कळायला हवं. समोरच्या न्यायाधीशाला बंधनकारक नसलेला आधार कोणी मांडत नाही.

पण इथून ‘म्हणजे त्यांचं राजकारण धर्मातूनच येतं’ हा निष्कर्ष निघत नाही. २०१० च्या सुमारास होतोवेली वेस्ट बँक इस्रायलमध्ये सामील करावी आणि तिथल्या पॅलेस्टिनींना टप्प्याटप्प्याने नागरिकत्व द्यावं असं मांडत होत्या. त्याच वर्षी लिकुडचे माजी संरक्षणमंत्री मोशे अरेन्स जवळपास हीच कल्पना मांडत होते. अरेन्स धार्मिक नव्हते. ते विमानशास्त्राचे अभियंते, झेव जाबोतिन्स्कींच्या परंपरेतले निधर्मी राष्ट्रवादी. लिकुडचेच नेते रूवेन रिवलिनही त्याच दिशेने बोलत होते. राशी न उघडता दोन माणसं तिथेच पोचतात, तर राशीला त्या भूमिकेचं कारण कसं म्हणायचं? राशी त्या भाषणात आला तो आधीच ठरलेल्या भूमिकेचा पुरावा म्हणून. उलट बाजूही पाहा. तेहिला फ्रीडमन धार्मिक, स्त्री, वकील आणि २०२०-२१ मध्ये ब्लू अँड व्हाइट पक्षाच्या क्नेसेट सदस्य. ऑगस्ट २०२० मधलं त्यांचं पहिलं भाषण समाजातले गट एकमेकांचा पराभव करायला निघालेत, त्याऐवजी एकत्र राहण्याची रीत शोधू या, या मुद्द्याभोवती होतं आणि ते इस्रायलमध्ये प्रचंड ऐकलं गेलं. त्यांनीही तोच राशी लहानपणापासून वाचलेला आहे. धार्मिकतेने राजकारण ठरत असतं तर या दोघी एकाच बाकावर बसायला हव्या होत्या. म्हणून होतोवेलींवर टीका करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की सामीलीकरणाला विरोध करा. डिसेंबर २०२० मध्ये लंडनला राजदूत म्हणून त्यांनी १९४८ मधली पॅलेस्टिनींची नकबा (गावं सोडून परागंदा व्हावं लागण्याची आपत्ती) ही अरबांची लोकप्रिय थाप आहे असं म्हटलं, त्याला विरोध करा. गावं रिकामी झाली, लाखो लोक परत येऊ शकले नाहीत, हे इस्रायलच्याच इतिहासकारांनी इस्रायलच्याच दफ्तरखान्यातून दाखवलेलं आहे. तिथे कागदपत्रांनी उत्तर देता येतं, बाईच्या श्रद्धेला हात घालण्याची गरजच पडत नाही. श्रद्धेवर केलेला हल्ला त्यांच्या मतदारांना आपल्या सगळ्यांवरचा हल्ला वाटतो, आणि मूळ मुद्दा तिथेच हरवतो.

आता कौतुक करणाऱ्यांकडे वळू. त्यांचाही मुद्दा हलका नाही. धार्मिक शाळेतल्या मुलीला, आपल्यासारखीच वाढलेली बाई तिसाव्या वर्षी क्नेसेटच्या समितीच्या अध्यक्षपदावर दिसते, याचं मोल मोठं आहे. २००९ पासून होतोवेली स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. या समितीला मंत्रालयांचे अधिकारी बोलावता येतात, विधेयकं तपासता येतात, आणि सरकारी बाकावरच्या माणसालाही तिथे उत्तरं द्यावी लागतात. त्याच काळात हारेदी प्रवाशांसाठीच्या ‘मेहाद्रीन’ बसगाड्यांचा वाद पेटला. या मार्गांवर पुरुष पुढच्या दाराने चढून पुढे बसत, स्त्रिया मागच्या दाराने चढून मागे. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशी सक्ती बेकायदा आहे, आणि कोणीही कुठेही बसू शकतो, त्रास देणं हा गुन्हा ठरू शकतो, अशा पाट्या गाड्यांत लावायला सांगितल्या. पाट्या लागल्या तरी दटावणी थांबली नाही. होतोवेली स्वतः अशा गाडीत बसून पुढच्या बाकावर गेल्या. ‘तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला हलाखा (ज्यू धर्मशास्त्र) काय कळणार’ असं निधर्मी आमदाराला सांगता येतं, धार्मिक बाईला सांगता येत नाही. तिथे त्यांच्या धार्मिकतेचा उपयोग झाला हे मी मोकळेपणाने मानतो.

मात्र त्याच समितीत २०११ मध्ये त्यांनी लेहावा या संघटनेला चर्चेला बोलावलं. ज्यू मुलींनी अरब पुरुषांशी संबंध ठेवू नयेत यासाठी मोहीम चालवणारी ही संघटना. स्त्रीने कोणाशी लग्न करावं यावर पहारा ठेवणाऱ्यांना स्त्रीच्या दर्जाविषयीच्या समितीत स्थान मिळतं, तेव्हा ती समिती स्त्रीच्या बाजूने बसलेली राहते का? हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनी टाळू नये. ‘पुरुष आमदाराला तुम्ही स्त्रियांसाठी काय केलंत असं कोणी विचारत नाही, मग बाईलाच का’ असं कोणी म्हणेल. एरवी तो आक्षेप योग्यच आहे. पण त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला, पुरुष असता तर त्यालाही, हाच प्रश्न विचारला असता.

आणि ‘वर पोचल्या’ म्हणजे नेमकं कुठे पोचल्या? २०१५ मध्ये नेतान्याहूंनी परराष्ट्र खातं स्वतःकडे ठेवलं आणि होतोवेलींना उपमंत्री केलं. बातम्यांत त्या जवळजवळ परराष्ट्रमंत्रीच वाटत. प्रत्यक्षात खात्याचा अधिकार वाटला गेला होता. इस्रायलवरच्या बहिष्काराच्या चळवळीशी सामना सामरिक व्यवहार मंत्रालयाकडे, जगभरच्या ज्यूंशी संबंध डायस्पोरा मंत्रालयाकडे, वॉशिंग्टनशी महत्त्वाचं बोलणं पंतप्रधान कार्यालयाकडे. ऑक्टोबर २०१५ मध्ये जेरुसलेमच्या टेंपल माउंटवर, म्हणजे ज्यू आणि मुस्लिम दोघांनाही पवित्र असलेल्या टेकडीवर, इस्रायलचा झेंडा फडकावा हे आपलं स्वप्न असल्याचं होतोवेली म्हणाल्या, त्या वेळी तिथे रोज हिंसाचार चालू होता. त्याच दिवसांत पंतप्रधान कार्यालयाला खुलासा करावा लागला की सरकारचं धोरण बदललेलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकी ज्यू सुखवस्तू आहेत, आपली मुलं लढायला पाठवत नाहीत, म्हणून त्यांना आमची परिस्थिती कळत नाही, अशा अर्थाचं त्या बोलल्या. नेतान्याहूंनी जाहीर निषेध केला. स्वतः लष्करात न जाता कायदेशीर राष्ट्रीय सेवा केलेल्या व्यक्तीने हे बोलणं अनेकांना खटकलं. पण माझ्या मते त्याहून मोठी बाब त्या वेळच्या वादाची होती. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी स्त्री-पुरुषांना एकत्र प्रार्थनेसाठी जागा देण्याची तडजोड जानेवारी २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केली होती आणि जून २०१७ मध्ये हारेदी पक्षांच्या दबावाखाली गोठवली. अमेरिकी ज्यू चिडले होते ते यामुळे. स्त्रिया कुठे आणि कशी प्रार्थना करणार हे ठरवणारे पक्ष असे, की ज्यांच्या यादीवर स्त्रीला जागाच नाही. त्या पक्षांवरचा राग झेलायला सरकारच्या वतीने पुढे होती एक धार्मिक स्त्री.

जानेवारी २०२० मध्ये होतोवेली डायस्पोरा मंत्री झाल्या, मे मध्ये त्यांच्याकडे वसाहतींचं खातं आलं आणि ऑगस्टमध्ये त्या राजदूत म्हणून लंडनला गेल्या. डायस्पोरा मंत्रालयाच्या त्याच खुर्चीवर मे २०२० मध्ये बसल्या ओमेर यांकेलेविच, इस्रायलच्या पहिल्या हारेदी स्त्री मंत्री. बनेई ब्राकमध्ये वाढलेल्या, इंग्लंडमधल्या गेट्सहेडच्या मुलींच्या धर्मशाळेत शिकलेल्या, पाच मुलांची आई, आणि व्यवसायाने वकील. त्या मंत्री झाल्या त्या बेनी गांट्झ यांच्या मध्यममार्गी, निधर्मी पक्षातून. एकाच वर्षात एकाच खात्यावर लागोपाठ दोन धार्मिक स्त्री वकील, आणि दोघींनाही तिथे पोचवणारे पक्ष धार्मिक नव्हेत. हा योगायोग नाही. धार्मिक स्त्रीला राष्ट्रीय पातळीवर जायचं तर तिला स्वतःच्या समाजाचा पक्ष ओलांडून जावं लागतं. त्यामुळे तिला रब्बींच्या परवानगीवाचून बोलायचं स्वातंत्र्य मिळतं. त्याची किंमतही आहे. ज्या घरातले नियम तिला बदलायचे असतील, त्या घरातलं तिचं मत मोजलंच जात नाही. यांकेलेविच मंत्री असतानाही हारेदी पक्षांच्या याद्या जशा होत्या तशाच राहिल्या, आणि ‘हारेदी स्त्री मंत्री झाली की’ असं म्हणण्याची सोय मात्र सर्वांना झाली.

ते घर म्हणजे रब्बींचं न्यायालय. १९५३ च्या कायद्याने इस्रायलमधल्या ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट पूर्णपणे या न्यायालयांच्या अधिकारात आहे. देशात नागरी विवाहाची सोय नाही. घटस्फोट म्हणजे ‘गेट’ हा बारा ओळींचा हस्तलिखित दस्तऐवज. लेखनिक आपला कागद, शाई, लेखणी आधी नवऱ्याला देऊन टाकतो, म्हणजे ती नवऱ्याच्या मालकीची होतात. मग नवरा त्याला लिहायला सांगतो. दोघांची नावं, प्रचारातल्या टोपणनावांसह, आणि गावाचं नाव अचूक हवं, एक अक्षर चुकलं तरी दस्तऐवज बाद. दोन पुरुष साक्षीदार सही करतात. नवरा तो बायकोच्या ओंजळीत टाकतो, ती तो घेऊन चार पावलं चालते, आणि पुढे न्यायालय तो कापून दफ्तरात ठेवतं. या सगळ्याचा प्राण नवऱ्याच्या इच्छेत आहे. त्याने स्वेच्छेने दिला नाही तर गेट अवैध, आणि गेटशिवाय त्या स्त्रीला दुसऱ्या पुरुषापासून मूल झालं तर त्या मुलाला ज्यू समाजात लग्न करणंही जवळपास अशक्य. पुरुषाच्या बाबतीत परिणाम इतका कठोर नाही. म्हणून अडवणूक होते. फ्लॅट माझ्या नावावर कर, पोटगी सोड, मुलांचा ताबा दे, मग गेट देतो. १९९५ च्या कायद्याने न्यायालयाला अशा नवऱ्याचा पासपोर्ट, वाहन परवाना, व्यवसायाचा परवाना, बँक खातं रोखता येतं, शेवटी तुरुंगातही टाकता येतं. अडतं ते पुढेच. सक्तीने घेतलेला गेट अवैध ठरेल या धास्तीने पुष्कळ दायान, म्हणजे या न्यायालयांचे न्यायाधीश, नवऱ्याने गेट ‘द्यावा’ असं सुचवून थांबतात, ‘दिलाच पाहिजे’ असं लिहीत नाहीत, आणि कडक निर्बंध लावायलाही कचरतात. वकील बाई इथे अशिलाची बाजू मांडू शकते. न्यायाधीश होऊ शकत नाही, कारण दायान फक्त पुरुषच.

मराठी वाचकाला या न्यायालयांची आणि रब्बीनेटची, म्हणजे मुख्य रब्बींच्या सरकारमान्य धर्मसंस्थेची, ताकद दूरची वाटायचं कारण नाही. कोकणातून आणि मुंबईहून गेलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाने ती अनुभवलेली आहे. गावोगावी ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली जाणारी ही माणसं इस्रायलला गेली, आणि १९६२ मध्ये रब्बीनेटने सूचना काढली की त्यांच्यापैकी कोणी इतर ज्यूंशी लग्न करणार असेल तर आई, आजी, पणजी असा वंश शक्य तितका मागे जाऊन तपासावा. १९६४ च्या उन्हाळ्यात या समाजाने जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये क्नेसेटचं खास अधिवेशन भरलं आणि बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत असा ठराव झाला, त्यानंतर सूचनेतून त्यांचं नाव वगळण्यात आलं. रब्बीनेट हललं ते संसदेने हात घातला तेव्हा. संसदेत कोण बसतं याला महत्त्व आहे ते यासाठी.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडलं आहे, आणि ते घडवणाऱ्यांत धार्मिक स्त्रिया होत्या. येरुहाम या वाळवंटी गावात लेआ शाकदिएल १९८६ मध्ये स्थानिक धार्मिक मंडळावर निवडल्या गेल्या, मंत्रालयाने दोन वर्षं अडवून धरलं. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती मेनाहेम एलोन यांनी, जे स्वतः कर्मठ होते, त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यात रब्बी उझिएल यांच्या युक्तिवादाचा आधार घेतला. १९९० च्या दशकात स्त्रियांना रब्बींच्या न्यायालयात बाजू मांडणाऱ्या ‘तोआनोत’ म्हणून प्रशिक्षण आणि परवाने मिळू लागले. जून २०१३ मध्ये दायान नेमणाऱ्या दहा जणांच्या समितीत अकरावी जागा एका तोएनेतसाठी (हे तोआनोतचं एकवचन) वाढवण्यात आली आणि समितीत किमान चार स्त्रिया असाव्यात असा कायदा झाला. त्यासाठी झटल्या ज्यू होम पक्षाच्या शुली मुआलेम आणि येश आतिदच्या अलिझा लवी. दोघी धार्मिक, पक्ष वेगळे, आणि दोघींपैकी एकही वकील नाही. मुआलेम परिचारिका होत्या, लवी प्राध्यापक. होतोवेली तेव्हा वाहतूक उपमंत्री झाल्या होत्या, आणि उपमंत्र्याला खासगी विधेयक मांडता येत नाही.

चार स्त्रियांची ही अट लहान दिसते, पण तिच्यामुळे प्रत्येक उमेदवार दायानाला समितीत असा प्रश्न विचारला जाऊ शकतो, की अडवणूक करणाऱ्या नवऱ्याविरुद्ध तुम्ही आजवर किती निकालांत ‘दिलाच पाहिजे’ असं लिहिलंत. पूर्वी हा प्रश्न विचारणारं कोणी त्या खोलीत असेलच याची खात्री नव्हती. परराष्ट्र खात्यात राशी वाचून दाखवण्यापेक्षा, किंवा ‘पहिली हारेदी मंत्री’ या बातमीपेक्षा, धार्मिक स्त्रीच्या आयुष्यात या एका जागेने जास्त फरक पडतो. २०२२ च्या निवडणुकीनंतर १२० जणांच्या क्नेसेटमध्ये स्त्रिया २९ उरल्या आणि सत्ताधारी आघाडीत हारेदी पक्ष कळीच्या जागी बसले. तिथून पुढे कोणी धार्मिक स्त्री वकील मंत्री झाली, तर तिच्या डोक्यावरचा रुमाल किंवा तिचं ‘पहिलेपण’ यावर शब्द खर्च करण्याआधी मी तीन गोष्टी पाहीन. तिला यादीवर जागा कोणी दिली, दायान नेमणाऱ्या समितीच्या मतदानात तिचा पक्ष कोणाच्या बाजूने उभा राहिला, आणि रब्बींच्या न्यायालयाचा अधिकार वाढवणारं विधेयक आलं तेव्हा तिने हात वर केला की नाही. होतोवेलींचे चाहते आणि टीकाकार या दोघांनाही माझं हेच सांगणं आहे.